आई गाडीत बसते

काचेची राहिलेली फटही वनिताने बंद केली आणि रेडिओचा आवाज वाढवला. तरी मैदानातला गलका आत आलाच. तो टाळ्यांचा होता की हळहळीचा, हे कळायच्या आत तिने आवाज आणखी मोठा केला. रेडिओवर एक बाई गवताला पाणी सकाळी घालावं की संध्याकाळी, ते समजावून सांगत होती. वनिताच्या स्कारबरोच्या घरापुढे इन मीन हातभर गवत होतं, तरी परीक्षा असल्यासारखं तिने ते मन लावून ऐकलं.

खिडकीवर टकटक झाली. बाहेर प्रमिला उभी होती, एका हातात पॉपकॉर्न, दुसरा हात उन्हासाठी कपाळावर आडवा धरलेला.

“काच तर खाली कर बाप्पा. भाजून निघशील आत.”

“इनिंग संपली?”

“मला काय ठाऊक. सगळे पळत पळत आत गेले आणि दुसरे बाहेर आले.”

“म्हणजे संपली.” वनिताने काच खाली केली. “तिसरी. सांग.”

“काय सांगू? पोराचा शेवटचा सामना, त्यानं स्वतः तिकिटं काढून ठेवलेली, आणि माय इथं पार्किंगमध्ये! काय करून राहिली तू इथं? पापड वाळत घातले काय?”

“प्रमिला, काय झालं ते सांग आधी.”

प्रमिला म्हणजे स्कारबरोच्या त्यांच्याच गल्लीत दोन घरं सोडून राहणारी, मूळची नागपूरची. सामना होता त्या ग्वेल्फपर्यंत गाडी तिनेच चालवत आणली होती, ऑगस्ट महिना असूनही विंटर टायर न काढलेली. बेसबॉलमधलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण गंधार तिच्या अंगाखांद्यावर वाढलेला, म्हणून आली होती.

“अगं, होणार काय? येतात, बॅट फिरवतात, तोंड पाडून जातात. त्यांचा एकही त्या पहिल्या पांढऱ्या उशीपर्यंत पोचला नाही अजून.”

वनिताचा हात काचेच्या बटणावरच राहिला.

“एकही नाही? कोणी चालतसुद्धा गेला नाही?”

“चालत कशाला जाईल? पळतातच नं सगळे.”

पिचरने चार बॉल वाईट टाकले की समोरच्याला फुकट चालत पहिल्या बेसवर जाता येतं, हे प्रमिलाला सांगण्यात अर्थ नव्हता. नऊ आले आणि नऊच्या नऊ परत गेले. हे असंच नवव्या इनिंगच्या शेवटपर्यंत टिकलं तर त्याला परफेक्ट गेम म्हणतात, आणि भलेभले पिचर तो न टाकता म्हातारे होतात. गंधारला अख्ख्या कारकिर्दीत तो साधला नव्हता. एकदा सातव्या इनिंगला हातचा गेला होता, त्यानंतर तो दोन दिवस जेवला नव्हता म्हणे.

“परत जा,” ती म्हणाली. “त्याच खुर्चीवर बस. पर्स होती तशीच मांडीवर ठेव. आणि कोणाशी यातलं एक अक्षर बोलू नकोस. एकही पोचला नाही, हे तर नाहीच नाही.”

“आणि तू?”

“मी इथंच बरी.”

“डोकं ठिकाणावर आहे का तुझं?”

“जा गं बाई. चौथी सुरू होईल.”

प्रमिला पुटपुटत गेली. वनिताने पुन्हा काच लावली.

खरं तर वनिता मोघे देवभोळी बाई नव्हे. लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून तपासण्यात तिची उभी हयात गेली होती. उपास ती करत नसे, आणि मांजर आडवं गेलं तर उलट त्याला बोलावून कुरवाळत असे. पण मिरजेला, लहानपणी, क्रिकेटचा सामना लागला की एक गोष्ट हमखास घडायची. ती खोलीत आली रे आली की विकेट पडायची. दोनदा पडली, तीनदा पडली, मग मोठ्या काकांनी फर्मानच काढलं, “वने, बाहेर जा!” सगळे हसायचे, तीही हसायची आणि पायरीवर जाऊन शेंगा खात बसायची. आत टाळ्या वाजल्या की तिला बरं वाटायचं, कारण आपण बाहेर आहोत म्हणूनच त्या वाजल्या. पनवती हे नाव तिला तेव्हा पडलं, लाडानंच पडलं. ज्या घरात सामना रंगात आला की कुणी लघवीलासुद्धा उठायचं नाही, त्या घरात याचं कुणाला काही वाटत नव्हतं.

गंधार दहा वर्षांचा असताना स्कारबरोच्या पार्कातल्या मुलांच्या संघात पिचर झाला. पहिले दोन सामने वनिताने जाळीला नाक लावून पाहिले. दोन्ही हरले. तिसऱ्याला तिला सुट्टी मिळाली नाही, आणि तो सामना ते जिंकले. ती लॅबमधून सुटल्यावर बापलेक तिला घ्यायला आले, तेव्हा मागच्या सीटवरून पोरगा ओरडला, “आई, यू आर बॅड लक! नेक्स्ट टाइम डोन्ट कम, ओके?” जनार्दन, तिचा नवरा, स्टिअरिंगवर हात मारून हसला. वनिताही हसली. मिरज एवढी लांब राहिली, पण हे काही सुटलं नाही, असं तिच्या मनात आलं. पुढच्या सामन्याला ती घरी राहिली. जिंकले. त्याच्या पुढच्यालाही जिंकले. मग कोण जाणार?

पोरगा विसरून गेला आणि आईने धरून ठेवलं, असं ते झालं. अठराव्या वर्षी अमेरिकेतल्या एका संघाने त्याला उचललं. तिथून पुढे छोटी छोटी गावं, बसचे प्रवास, भाड्याच्या खोल्या. तो स्टार्टर होता, म्हणजे सामना ज्याच्या हातून सुरू होतो तो, आणि दर पाचव्या दिवशी त्याची पाळी यायची. त्या दिवशी स्कारबरोच्या घरात फोन करायचा नाही, भांडायचं नाही, नवीन काही घालायचं नाही. बेसबॉलवाले लोक या बाबतीत अगदी आपल्यासारखे निघाले, याचं वनिताला भारी कौतुक वाटे. तेही जिंकत असताना मोजे बदलत नाहीत. परफेक्ट गेम चालू असला तर त्या पिचरशी कुणी बोलत नाही, त्याच्या शेजारीसुद्धा कुणी बसत नाही. मग मी गाडीत बसले तर काय वाईट, असं ती जनार्दनला म्हणायची.

गाडीने जाता येईल असा सामना असला की जनार्दन आत जायचा आणि ती, पोराला न कळता, पार्किंगमध्ये थांबायची. इनिंग संपली की तो फाटकाशी येऊन लांबूनच अंगठा दाखवायचा. अंगठा वर असला की ती थर्मासमधला चहा ओतून घ्यायची. गंधार सव्विसाव्या वर्षी वरच्या, खऱ्याखुऱ्या मोठ्या संघात गेला, तेव्हा तर दोघं विमानाने गेली. जनार्दन हजारो लोकांत बसून ओरडला. वनिता हॉटेलच्या वॉशरूममध्ये नळ सोडून बसली, कारण शेजारच्या खोलीतला टीव्ही ऐकू येत होता. त्या रात्री गंधार जिंकला. एक उन्हाळाभर तो तिथे टिकला, मग पुन्हा खाली आला, मग ऑपरेशनला कोपर उघडावं लागलं.

पण बघितलं नाही असं नव्हे. निकाल लागून गेला की दुसऱ्या दिवशी ती बेसमेंटमध्ये एकटी बसून सामन्याचं रेकॉर्डिंग बघायची. घडून गेलेल्याला आपली दृष्ट काय करणार, हा तिचा हिशोब. बघून बघून तिला सगळं कळायला लागलं. वळणारा कर्व्ह बॉल टाकायच्या आधी तो टोपीला किती वेळा हात लावतो, थकला की खांदा कधी सैल पडतो. कोपर दुखण्याच्या दोन महिने आधी ती जनार्दनला म्हणाली होती, “त्याचा हात खाली येतोय, विचार त्याला.” जनार्दनने फोन करून विचारलं, आपल्या नावावर. ऑपरेशननंतर ती एक महिना त्याच्याकडे जाऊन राहिली, डाव्या हाताने त्याला जेवता येईना तेव्हा घास भरवले. सामना नव्हता तो, त्यामुळे तिथे जायला हरकत नव्हती.

त्या कोपराने पुढे काही त्याला वर जाऊ दिलं नाही. मेक्सिको झालं, कोरिया झालं, खांदाही गेला. गेल्या हिवाळ्यात जनार्दन फावड्याने दारातला बर्फ काढता काढता छाती धरून बसला, तो उठलाच नाही. गंधार कायमचा परत आला आणि इथल्या, ओंटारियोतल्या एका छोट्या लीगमध्ये, ग्वेल्फच्या संघाकडून उन्हाळाभर खेळला. आता चौतिसावं चालू होतं. पुढच्या आठवड्यात तो कोक्विटलामला जाणार होता, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, शाळेतल्या पोरांना बेसबॉल शिकवायला.

त्यानेच फोन केला होता. “आई, संडेला माझा लास्ट स्टार्ट आहे. या वेळी तरी ये.”

त्यातला तो ‘तरी’ तिला लागला. “येते,” ती म्हणाली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली.

आणि खरोखरच ती आत जायला निघाली होती. आता हरला काय नि जिंकला काय, छोटी लीग, कुठे काय बिघडणार होतं? मरायच्या आधी एकदा या मोठ्या झालेल्या पोराला आपल्या डोळ्यांनी बॉल टाकताना बघायचं, एवढंच तिला हवं होतं. फाटकाशी आल्यावर मात्र ती थांबली. “पहिली होऊ दे, मग येते,” ती प्रमिलाला म्हणाली. पहिल्यात तिघे गेले. दुसऱ्यात तिघे गेले. आणि आता हे.

चौथी संपल्यावर प्रमिला आली ती तणतणतच.

“तेच. तिघे आले, तिघे गेले. माझ्या मागचा म्हातारा रडायच्या बेतात आहे. मी त्याला म्हटलं, काका, काय झालं? तर तोंडावर बोट ठेवून दाखवतो मला.”

“बरोबर आहे त्याचं.”

“सगळं गावच येडं झालं. तू चल.”

“प्रमिला, अगं त्याला हे कधीच जमलेलं नाही. वर होता तेव्हाही नाही. आज जमतंय. शेवटच्या दिवशी जमतंय. आणि मी आत जाऊन ते...” वनिताने मान हलवली. “नको. मला नाही बघायचं. त्याचं होऊ दे.”

इतकी वर्षं उन्हाचा त्रास होतो, गर्दी सोसत नाही, असंच वनिताने प्रमिलाला सांगितलेलं होतं. तिने उरलेले पॉपकॉर्न खिडकीतून आत दिले आणि गेली.

पाचवीनंतर ती आली तेव्हा मात्र पळत आली. धाप लागलेली.

“अजून कोणी नाही,” ती म्हणाली. “पण ते जाऊ दे. वनिता, तो सारखा वर बघतोय. माझ्या शेजारच्या खुर्चीकडे. बॉल टाकायच्या आधी बघतो, टाकून झाल्यावर बघतो. आता आत जाताना मला हात करून विचारलं, आई कुठाय? मी काय सांगू त्याला? पार्किंगमध्ये गवताचा प्रोग्रॅम ऐकतेय?”

वनिताने रेडिओ बंद केला.

पिचरचं डोकं मोकळं पाहिजे, हे तिला कुणी सांगायला नको होतं. डोक्यात एक खुर्ची घेऊन तो टाकतोय. आपण आत गेलो तर बिघडेल, आणि नाही गेलो तरी बिघडेल. दोन्हीकडून मरण. आणि या सगळ्याच्या तळाशी एक अगदी साधी, स्वार्थी गोष्ट होती, तिला जायचं होतं. इतकं जायचं होतं की रडू येत होतं.

“चल,” ती म्हणाली आणि गाडीतून उतरली. प्रमिलाने दंड धरला.

फाटकावरच्या पोरीने तिचं तिकीट पाहिलं, हसली आणि तिनेही ओठांवर बोट ठेवलं. पायऱ्या चढून वनिता वर आली. सहावी सुरू झाली होती, दोघे बादही झाले होते. खाली हिरवंगार मैदान आणि त्याच्या मधोमध, मातीच्या उंचवट्यावर, तिचा मुलगा.

रेकॉर्डिंगमध्ये तो नेहमी अंगठ्याएवढा दिसायचा. इथे तो बराच मोठा होता, जाड झाला होता, मानेवर घाम होता. जनार्दनसारखा एका पायावर भार टाकून उभा होता. त्याने पाय उचलला, वळला आणि बॉल टाकला, आणि टाकताना त्याच्या तोंडून एक कण्हल्यासारखा आवाज निघाला. हा आवाज रेकॉर्डिंगमध्ये कधीच नव्हता. तिथे कायम कुणीतरी बडबडत असायचं. वनिता जिन्यावरच थबकली. इतकी वर्षं तो असा आवाज करत होता आणि आपल्याला माहीतच नाही, एवढंच तिला वाटलं.

बॅटचा ठोका बसला. बॉल उंच गेला, मागे धावणाऱ्या खेळाडूच्या डोक्यावरून पलीकडे पडला, आणि मारणारा पहिला बेस ओलांडून दुसऱ्यावर जाऊन उभा राहिला.

सगळ्या मैदानाने एकदम श्वास सोडला. प्रमिलाच्या खुर्चीमागचा तो म्हातारा खाली बसला.

मी आले आणि पडली विकेट. वनिताने जिन्याचा कठडा धरला. एक बॉल. फक्त एक बॉल तिने पाहिला होता. मिरजेतल्या त्या खोलीतले सगळे काका जणू वळून तिच्याकडे बघत होते आणि या वेळी कुणी हसत नव्हतं. ती मागे फिरणार, तेवढ्यात प्रमिलाने मनगट घट्ट पकडलं. “थांब,” ती म्हणाली. “बघतोय तो.”

संघाचा कोच मैदानात चालत आला होता. त्याने काही न बोलता तळहात पुढे केला. गंधारने त्याच्या हातावर बॉल ठेवला. कोचने त्याच्या मानेवर हात ठेवून काहीतरी म्हटलं आणि गंधार चालू लागला. लोक उठून उभे राहिले, टाळ्या वाजत राहिल्या. गंधारने मान वर केली. थेट जिन्यावर उभ्या असलेल्या आईकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड असं काही फुललं की वनिताला ते सहन होईना. परफेक्ट गेम आत्ता हातून गेलेला माणूस असा हसतो? त्याने टोपी काढून तिच्याकडे केली. वनितानेही हात वर केला. टाळ्या वाजवायचं तिला सुचलं नाही.

सामना त्यांचा संघ शेवटी हरलाच. लोक पांगले. म्हातारा येऊन गंधारचा हात हातात घेऊन गेला, पोरांनी टोप्यांवर सह्या घेतल्या. प्रमिला “मी गाडी थंड करते” म्हणून मुद्दामच निघून गेली. गंधार खांद्याला आणि कोपराला बर्फाच्या पिशव्या बांधून वर आला आणि आईच्या शेजारी, दुसऱ्या रांगेत, पाय पसरून बसला.

“आलीस,” तो म्हणाला.

“उशीर झाला.”

“इट्स ओके. प्रमिला मावशी दिसल्या तेव्हा म्हटलं, आलीस. वॉशरूमला गेली असशील. मग दुसरी झाली, तिसरी झाली. म्हटलं, एवढा वेळ वॉशरूम?” तो हसला. “तिसऱ्या इनिंगलाच हात गेला होता, आई.”

“म्हणजे?”

“गेला म्हणजे गेला. बोटं बधिर. फास्टबॉल उरलाच नव्हता, नुसत्या थापा मारत होतो, अँड दे वेअर बायिंग इट. कोच मला तिसरीनंतरच काढणार होता, मी त्याच्या तोंडाकडे बघूनच ओळखलं. पण परफेक्ट चाललंय म्हटल्यावर कोण बोलणार माझ्याशी? कुणी जवळच येईना. दॅट सेव्हड मी. म्हटलं, आई येईपर्यंत तरी टाकू.”

वनिताने बर्फाच्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीतून पाणी ठिबकत होतं, त्याच्या मांडीवर. चौथी. पाचवी. प्रमिला म्हणत होती चल, चल. आणि हा इथे बधिर हाताने टाकत बसला होता.

“आणि तो गेम?” ती कशीबशी म्हणाली. “एवढा जवळ आला होता.”

“कसला गेम? ते सोड.” त्याने डाव्या हाताने पिशवी सारखी केली. “तुला जिन्यावर बघितलं आणि म्हटलं, चला, आता एक खरा फास्टबॉल टाकू. हाताचं काय व्हायचं ते होऊ दे. तुला तो बघायला मिळावा म्हणून. त्यानं ठोकलाच तो.” तो मनापासून हसला. “वाईट नव्हता पण.”

“चांगला होता,” वनिता म्हणाली. तो चांगला होता. सोळा वर्षांच्या रेकॉर्डिंगमधले सगळे बॉल पाहून ती सांगू शकत होती, खांदा अगदी योग्य वेळी वळला होता.

खाली एक माणूस पाइप घेऊन मातीवर पाणी मारत होता. नजर तिकडेच ठेवून गंधार बोलू लागला.

“बाबा म्हणायचे, आईला बेसबॉल बोअर होतं, तिला जबरदस्ती करू नकोस. मी लहान होतो तेव्हा रिअली मॅड व्हायचो. बाकी सगळ्यांच्या आया यायच्या. मला वाटायचं, मी इंजिनिअर झालो नाही म्हणून. मग म्हटलं, फाइन. नाही आवडत एखाद्याला. तरी पहिला बॉल टाकायच्या आधी वर बघायचो. आत्तापर्यंत. अमेरिकेत, कोरियात, जिथे तू असणं शक्यच नव्हतं तिथेपण. सवय.”

प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला त्याची ती मान वर व्हायची. बेसमेंटमध्ये बसून वनिताने ती पाहिली होती, किती वेळा पाहिली होती. तिला वाटायचं, ऊन कुठून येतंय ते बघतो.

जनार्दन असं म्हणाला होता, हे तिला आज कळलं. का म्हणाला, तेही लगेच कळलं. आई तुझ्या शब्दाला घाबरून गाडीत बसली आहे, असं पोराला सांगितलं असतं, तर पोराने ते डोक्यात घेऊन बॉल टाकला असता. पोराचं डोकं मोकळं ठेवायला जनार्दनने तिला कंटाळलेली आई करून टाकलं, आणि तिला न सांगता निघून गेला. तिला नवऱ्याचा भयंकर राग आला, आणि तो इथे नाही म्हणून त्याहून जास्त आला.

अरे, तूच म्हणाला होतास. मागच्या सीटवरून, ओरडून. शब्द तिच्या अगदी जिभेवर आले. एक वाक्य, आणि चोवीस वर्षांचा गैरसमज साफ होणार होता. बाबांबरोबर मी प्रत्येक वेळी आले होते, बाळा. फाटकाच्या बाहेर होते. तुझा एकही सामना मी सोडलेला नाही.

तिने त्याच्याकडे पाहिलं. दाढीत पांढरे केस आले होते. हा असा माणूस होता की ज्याला आपल्या बॉलवर मैदानाबाहेर गेलेला प्रत्येक होम रन आठवत असे, कोणत्या गावात, कोणत्या फलंदाजाने, वारा कुठून होता. विसरायचं त्याला येतच नव्हतं. हे एकच तेवढं तो विसरला होता. हे त्याच्या हातात दिलं तर तो तेही घेऊन जाईल कोक्विटलामला, आणि तिथल्या पोरांच्या आया जाळीला नाक लावून उभ्या राहिल्या की दर वेळी त्याला ते आठवेल.

“खरंय बाबांचं,” वनिता म्हणाली. “कंटाळाच यायचा मला. काही म्हणजे काही कळायचं नाही त्यातलं.”

“आय न्यू इट.” गंधार हसला, मोकळा, दहा वर्षांच्या मुलासारखा. “आणि आज? आज काही कळलं?”

“थोडंसं.” तिने पदर नसल्यामुळे दुपट्ट्यानेच त्याच्या मांडीवरचं पाणी पुसलं. “तो माणूस आला आणि तुझ्या हातातला बॉल काढून घेतला, तो कोण रे? पंच?”

“आई! तो आमचा कोच.” तो सरसावून बसला, दुखरा हात विसरून पुढे झुकला. “थांब, तुला पहिल्यापासून सांगतो. तो मधला उंचवटा दिसतोय ना, मातीचा? तिथे मी उभा असतो. समोर तो पांढरा चौकोन, तिथे बॅटवाला. मी टाकतो, तो मारायला बघतो. तो चुकला तीन वेळा की आउट.”

“हं.”

“असे तिघे आउट झाले की...” तो थांबला. “कळतंय ना? बोअर होत असेल तर सांग.”

“नाही रे,” वनिता म्हणाली. “सांग ना. तिघे आउट झाले की काय होतं?”